मागे मुखवटा, पुढे दुपट्टा

सुंदरबनात मध गोळा करायला जाणाऱ्यांना १९८०च्या दशकात एक युक्ती शिकवली गेली होती : डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधायचा. वाघ पाठीमागून झडप घालतो. त्याला वाटावं, हा माणूस आपल्याकडेच टक लावून बघतोय. काही काळ वाघ फसलेही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी वन विभागाच्या गावांत वाघाची धास्ती रोजची, तिथे या युक्तीला कोणी हसणार नाही. तिचीच एक आवृत्ती आपल्याकडे धुळीसाठी वापरात आहे : तोंडाला काहीतरी बांधलेलं दिसलं, की संरक्षण झालं. वाघ निदान बघतो तरी. धुळीला डोळेच नाहीत, ती फसणार कशी?

हा मुलूख धानाचा. धान आलं की राईस मिल आली, आणि मिलमध्ये धुळीचे चार मुक्काम. चुंगडी रिकामी करताना शेतातली माती उडते, धान सोलताना तूस, पॉलिश करताना कोंडा, आणि जिथे तूस बॉयलरमध्ये जाळतात तिथे राख. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस असतं, आणि त्याच्या राखेत ९० टक्क्यांच्या आसपास सिलिका. जाळ फार कडक असला तर या सिलिकाचे स्फटिक बनतात, आणि फुप्फुसाचा खरा वैरी तो स्फटिक. मलेशियातल्या डॉक्टरांनी १९८४ साली भात गिरणी कामगारांची तपासणी करून डोळ्यांची-कातडीची चुरचुर, श्वासाच्या तक्रारी आणि काहींच्या एक्स-रेवरचे डाग नोंदवले आणि या सगळ्याला ‘राईस मिलर्स सिंड्रोम’ असं नावही दिलं. आपल्याकडे या आजाराला नाव नाही, औषध मात्र आहे : दुपट्टा. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचणारी धूळ चार-पाच मायक्रॉनची, दुपट्ट्याच्या विणीतली भोकं तिच्या कितीतरी पट मोठी. रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय, की शेंदरी खनिज कुटणारे मजूर तोंडावर जनावराच्या मूत्राशयाची पातळ कातडी बांधत. गाळणी म्हणून ती दुपट्ट्यापेक्षा वाईट असेल, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

आता नेहमीचा आक्षेप येईल : ‘आम्ही मास्क देतो हो, हेच लोक घालत नाहीत.’ अगदी खरं आहे. मे महिन्यात इथला पारा ४७ अंशांना टेकतो. अशा उन्हात पत्र्याच्या छपराखाली पाठीवर पोतं आणि तोंडावर एन-९५ घेऊन आठ तास काढायचे, हा प्रयोग आक्षेप घेणाऱ्याने आधी एक दिवस करून पाहावा, पोतं माफ. शिवाय हा मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच कामाचा. दाढीचे खुंट वाढले, घामाने कडा सुटली, की हवा वाकडी वाट शोधते. म्हणूनच जगभरच्या सुरक्षाशास्त्रात मास्कचा नंबर शेवटचा. आधी धूळ होऊ द्यायची नाही, झालीच तर उगमापाशी ओढून घ्यायची, मग माणसाला तिच्यापासून दूर ठेवायचं, आणि एवढं करून जी उरेल तिच्यासाठी मास्क. आपण ही शिडी शेवटच्या पायरीपासून चढायला घेतो आणि तिथेच बसतो. दर ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ घ्यायला ती जागा सोयीची असते.

‘लहान मिलवाल्याला हे परवडत नाही,’ हा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तरही मिलमधलंच देतो. पॉलिशचा कोंडा तेल काढायला विकला जातो. तो वाया जाऊ नये म्हणून पंखा, पाइप आणि हवेतून भुकटी वेगळी करणारा सायक्लोन बसवून उगमापाशीच धरला जातो. म्हणजे तंत्र ठाऊक आहे, फिटर ओळखीचा आहे, खर्चही पेलला आहे. ज्या धुळीला भाव आहे ती सायक्लोनमध्ये जमा होते. जिला भाव नाही, तिचं गोदाम हमालाच्या छातीत.

मग म्हणतात, ‘पण असे रोगी आहेत कुठे?’ शोधले तर ना! धुळीने खराब झालेली छाती एक्स-रेवर क्षयासारखी दिसू शकते, आणि हमाल आयुष्यभर काय काम करत होता हे विचारायचं राहून गेलं, की क्षयाच्या गोळ्या सुरू. वाघाने माणूस मारला तर पंचनामा होतो आणि वारसांना २५ लाख मिळतात. ते मिळायलाच हवेत. धूळ वीस वर्षं घेते, पावलांचे ठसे ठेवत नाही, पंचनामा कशाचा करणार? शासनाला कामगाराच्या आतल्या अवयवांची काळजीच नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. यकृतासाठी चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून आहे. फुप्फुसासाठी गूळ आहे. गुळाने धूळ निघते या समजुतीला आधारही आहे : लखनौच्या विषविज्ञान संस्थेचा १९९४चा प्रयोग. तो उंदरांवर झाला होता. मिलमध्ये उंदीर पुष्कळ असतात, त्यांची सोय झाली.

आणि कायदा? १९४८च्या कारखाना कायद्याचं १४ वं कलम मास्कवर थांबत नव्हतं. धूळ ओढणारं यंत्र शक्य तितकं धुळीच्या उगमाजवळ बसवा, असं सांगत होतं. त्या कायद्यात विजेवर चालणारा कारखाना १० कामगारांपासून मोजला जाई. त्याच्या जागी आलेली नवी सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात ही मोजणी २० पासून सुरू होते.