कुठं सोडलंत?

मराठी घरात एखादे वेळी पाहुण्याला चहा मिळणार नाही, पण पुस्तकाबद्दल मत विचारलं आणि ते मिळालं नाही, असं सहसा होत नाही. मत तयारच असतं. लग्नाच्या मांडवात, सोसायटीच्या बाकावर, डेक्कन क्वीनच्या पासवाल्या डब्यात ‘सध्या काय वाचताय?’ या प्रश्नामागोमाग ते हजर होतं, आणि त्याचे प्रकारही मोजकेच आहेत. ‘ओघवतं लिहिलंय.’ ‘हातातून खाली ठेववत नाही.’ ‘एकदा वाचायला हरकत नाही.’ ‘याचं आधीचं जास्त चांगलं होतं.’ ‘छान आहे, पण मला तेवढं नाही भिडलं.’ मराठीत गाजलेलं कुठलंही पुस्तक या पाच वाक्यांत आरामात मावतं. क्रियापदं थोडी बदलली तर कोपऱ्यावरची मिसळही मावते. ही मतं खोटी आहेत असा आरोप मला करायचा नाही. खोटं बोलायला जेवढे कष्ट लागतात तेवढेही त्यांत कुणी घेतलेले नसतात. माझं म्हणणं एवढंच, की ती त्या पुस्तकाबद्दल नसतात.

पुरावा घरचाच आहे. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली आणि तेव्हापासून तिच्याबद्दल महाराष्ट्राचं एकमत आहे: कर्णावर फार अन्याय झाला. मत बरोबर असेल, पण ते महाभारताबद्दल आहे, आणि ते मिळवण्यासाठी सावंतांना एवढी जाडजूड कादंबरी लिहायला लावण्याचं कारण नव्हतं. त्यांनी केलं ते वेगळंच. कर्णाची गोष्ट एकट्या कर्णावर न सोपवता त्यांनी कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांनाही बोलायला लावलं. या सहा जणांत कुणाचं खरं वाटतं, की सगळे एकाच अलंकारिक मराठीत बोलतात, याबद्दल मांडवात चकार शब्द निघत नाही. विश्वास पाटलांच्या १९८८ सालच्या ‘पानिपत’चंही तेच. तिच्यावरचं सर्वांत लोकप्रिय मत म्हणजे ‘भाऊंनी हत्तीवरून उतरायला नको होतं’. हा शेरा कादंबरीकाराला उद्देशून नसून सदाशिवरावभाऊंना उद्देशून आहे आणि १४ जानेवारी १७६१ च्या दुपारनंतर त्याचा उपयोग संपलेला आहे. खांडेकरांच्या ‘ययाति’वर बोलताना लोक ययातीलाच फैलावर घेतात: बापानं पोराचं तारुण्य मागायचं म्हणजे काय! खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, पण वाचकांच्या लेखी तो मुळात पुरूच्या घरातला मालमत्तेचा तंटाच राहिला. पात्र नीट वागलं तर पुस्तक ‘संस्कारक्षम’, वाईट वागलं तर ‘अस्वस्थ करणारं’. या सगळ्या व्यवहारात लेखक टंकलेखकाच्या हुद्द्यावर राहतो.

पौराणिक-ऐतिहासिक कादंबऱ्यांचं सोडा, तिथं गोष्ट सगळ्यांना आधीच ठाऊक असते, असं कुणी म्हणेल. मग फुटपाथवर चळत लावून विकली जाणारी अनुवादित पुस्तकं घेऊ; त्यांतली गोष्ट तर आपली नाही. ‘इकिगाई’ वाचलेला माणूस हटकून म्हणतो, ‘शिकावं तर जपान्यांकडून.’ हे पुस्तक एक्तोर गार्सिआ आणि फ्रान्सेस्क मिरालेस या दोघा स्पॅनिश लेखकांनी लिहिलेलं आहे आणि त्यांची नावं मुखपृष्ठावरच छापलेली आहेत, म्हणजे मत तिथवरही पोचलेलं नसतं. ‘द अल्केमिस्ट’बद्दलचं सार्वत्रिक मत असं, की मनापासून काही मागितलं की अवघं विश्व मदतीला धावतं. हे मत पाउलो कोएलोच्या १९८८ च्या कादंबरीतून आलं, की २००७ च्या ‘ओम शांती ओम’मधल्या शाहरुख खानकडून, हे मत देणाऱ्यालाही सांगता येणार नाही. सगळ्यांत मासलेवाईक प्रकार ‘ॲटॉमिक हॅबिट्स’चा. जेम्स क्लिअरच्या या पुस्तकावर मराठी अभिप्राय ठरलेला आहे: ‘यात नवीन काय? हे आमची आजी सांगायची.’ आजी सांगायची ते असं: मनावर घे, जमेल. क्लिअर सांगतो ते असं: मनावर विसंबू नकोस, भोवतालची मांडणी बदल, मोह टाळायचा तर तो डोळ्यांसमोरून हलव. आजीचा भरवसा निग्रहावर होता, क्लिअरचा निग्रहावर अजिबात नाही. म्हणजे मत पुस्तकाबद्दल नाही इतकंच नव्हे, पुस्तकाच्या बरोबर उलट आहे, आणि तरीही ते देणाऱ्याच्या आवाजात तसूभर शंका नसते.

यात मराठी माणसाला एकट्याला दोष देणं अन्यायाचं होईल. जॉर्डन एलेनबर्ग या अमेरिकी गणितज्ञानं २०१४ साली किंडलवरच्या वाचकांनी अधोरेखित केलेल्या ओळींवरून एक गमतीचा निर्देशांक काढला. सर्वाधिक वाचकांनी ठळक केलेल्या पाच जागा घ्यायच्या, त्या सरासरी कितव्या पानावर येतात ते बघायचं आणि पुस्तकाच्या एकूण पानांशी त्याचं प्रमाण काढायचं. लोक शेवटपर्यंत वाचत असतील तर खुणा पुस्तकभर पसरलेल्या असणार. मध्येच थांबत असतील तर त्या सुरुवातीलाच गोळा होणार. डॉना टार्टच्या ‘द गोल्डफिंच’ला ९८.५ टक्के मिळाले. स्टीफन हॉकिंगच्या ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’ला ६.६. आणि त्या वर्षी जगभर ज्याच्यावर सगळ्यांत जास्त मतं दिली जात होती त्या तोमा पिकेटीच्या भांडवलावरच्या ग्रंथाला २.४ टक्के. ही मोजणी शास्त्रीय नाही, हे एलेनबर्गनं स्वतःच सांगितलं होतं. पण विषमतेवर तावातावानं बोलणाऱ्या जगाच्या खुणा पहिल्या काही पानांतच का संपतात, याचं दुसरं सोयीचं उत्तर मला तरी सापडत नाही.

आपल्याकडे या कामासाठी किंडलची गरज नव्हती. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांतल्या जुन्या कादंबऱ्यांचे समास हा मराठीतला सर्वांत प्रामाणिक समीक्षाग्रंथ आहे. आतल्या पानावर ‘पुस्तकावर लिहू नये’ असा शिक्का आणि त्याच्याच खाली शिसपेन्सिलीत पहिला शेरा. नायिका रडली की समासात ‘पुरे!’, नायकानं निसर्गवर्णन सुरू केलं की ‘पुढचं पान उलटा’, आणि त्या खाली दुसऱ्या हस्ताक्षरात पहिल्या शेरेबहाद्दराच्या अकलेवर तिसरा शेरा. भाषा असभ्य, शुद्धलेखन मोकाट, पण प्रत्येक मताला पत्ता असतो: हे मला याच ओळीला वाटलं. मांडवातल्या मताला हाच पत्ता नसतो. शिवाय हे शेरे एका ठरावीक पानापाशी विरळ होतात आणि मग थांबतात. तिथून पुढं समास कोरे आणि कागदही तुलनेनं पांढरा. त्या पानाइतकं बोलकं परीक्षण कुठल्या पुरवणीत छापून आलेलं नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. लोकप्रिय पुस्तकाबद्दल ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न कायमचा बंद करावा आणि त्या जागी ‘कुठं सोडलंत?’ हा आणावा. ‘कसं वाटलं’ला न वाचता उत्तर देता येतं. ‘कुठं सोडलंत’ला निदान पुस्तक उघडावं लागतं.

यावर आक्षेप येणार. पहिला: अहो, लोक सहज बोलतात, सहज बोलण्याला कसली कसोटी लावता? कसोटी लावायची ती एवढ्याचसाठी, की पुस्तकं याच सहज बोलण्यावर खपतात. समीक्षा वाचून कादंबरी विकत घेणारा माणूस दुर्मीळ. मेव्हणा ‘छान आहे’ म्हणाला म्हणून घेणारे हजारो. दुसरा आक्षेप जाणकारांचा: व्यावसायिक मतं तरी कुठं बरी असतात? मान्य. मलपृष्ठावर प्रत्येक पुस्तक मराठी साहित्यात मोलाची भर घालतं आणि प्रस्तावनाकार निम्मी जागा लेखकाच्या वडिलांशी असलेल्या स्नेहाला देतो. माझा प्रश्न त्यांनाही लागू करावा; उलट त्यांच्याकडून सुरुवात केली तर बरं. तिसरा आक्षेप फ्रान्समधून येईल. प्येर बायार या साहित्याच्या प्राध्यापकानं २००७ साली न वाचलेल्या पुस्तकांबद्दल कसं बोलावं यावरच पुस्तक लिहिलं, आणि वाचलेलं नसणं ही बोलण्यातली अडचण नव्हे असं मांडलं. पण त्यानंही आपण उल्लेखलेल्या पुस्तकांपुढं खुणा केल्या: हे अपरिचित, हे चाळलेलं, हे ऐकीव, हे वाचून विसरलेलं. एवढी सचोटी आपल्या बाकावर आली तर माझी काहीच तक्रार नाही.

जड आक्षेप शेवटचा आहे. वाचन कमी होतंय म्हणता, मग लोक निदान पुस्तकांबद्दल बोलतायत, त्यांना पानाचा आकडा विचारून गप्प का बसवता? सरकारनंही बोलण्या-बघण्याची बरीच सोय केलेली आहे. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. पाचगणीजवळचं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. तिथं घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, उपक्रम खरोखर चांगला आहे, आणि परतलेले पर्यटक सांगतात की स्ट्रॉबेरी फार गोड होती. अडचण नेमकी हीच आहे. बोलणं हे वाचनाच्या आधीची पायरी असेल तर उत्तम. ते वाचनाच्या बदल्यात चालायला लागलं की पुस्तक विकत घेण्याचीही गरज उरत नाही. आणि पानाचा आकडा सांगण्यात लाज कसली? साठाव्या पानावर कंटाळा आला हे पुस्तकाबद्दलचं ठोस विधान आहे. लेखकाला त्यातून कळतं की साठाव्या पानावर काहीतरी बिघडलं. ‘ओघवतं’मधून त्याला काय कळणार?

तेव्हा वाचकहो, ही रीत आपापल्या बाकावर सुरू करा. पहिला प्रयोग नेमाड्यांच्या ‘हिंदू’वर करावा, कारण २०१० पासून तिच्या नावावरच इतकी मतं पडली आहेत की आत जायला बऱ्याच जणांना सवड झालेली नाही. उत्तर ‘मुखपृष्ठावर’ असं आलं तरी वाद घालू नका. समोर शून्य मांडा आणि पुढच्याला विचारा.