गारगोट्यावाले काका

गारगोट्यावाले काका बहुधा निवृत्त असतात. नोकरीत असताना हीच चिकाटी फायलींवर खर्च होते, त्यामुळे ती कुणाच्या लक्षात येत नाही.

दख्खनच्या पठारावर त्यांना कच्च्या मालाची ददात नसते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात पोकळ्या राहिल्या आणि पुढे झिरपत्या पाण्याने त्यांत गारा, अकीक, झिओलाइट असा खजिना भरला. विहीर खणा, घाट फोडा, काहीतरी चमकतेच. सिन्नरचे ‘गारगोटी’ संग्रहालय ही त्यांची पंढरी. परतीच्या वाटेवर खडीच्या खाणीशी गाडी थांबते, डिकीत दगड जातात आणि डिकीतल्या बॅगा मागे बसलेल्यांच्या मांडीवर येतात.

घरी आल्यावर दगडांची अंघोळ. साबणाचे पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश एवढ्यावर माती निघते. ब्रश जुना होता की नाही यावर मतभेद असतात. “अहो, तो माझा होता,” असे आतून ऐकू येते, पण तोवर उशीर झालेला असतो.

लोखंडाचा पिवळा-तांबूस डाग ब्रशला दाद देत नाही. त्यासाठी ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यात गारा भिजत घालतात. हे ॲसिड विषारी, म्हणून बादली प्लॅस्टिकची, हातमोजे रबरी आणि जागा गॅलरीतली. तेवढे दिवस कपडे घरात वाळतात. चुनखडीची पुटे मात्र हायड्रोक्लोरिक ॲसिडने जातात. “ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडात नाही,” हे वाक्य काका दूधवाल्यालाही ऐकवतात. गारेला या ॲसिडाने काही होत नाही. त्याच बादलीत चुकून पडलेल्या स्टिलबाइट या झिओलाइटची मोतिया झळाळी मात्र कायमची जाते. उरलेले ॲसिड मारायला खायचा सोडा लागतो. त्या रविवारी ढोकळा बसतो.

खरी ओढ पुढच्या कामाची. रबरी अस्तराचा पिंप मोटरवर आडवा फिरतो. त्यात दोन तृतीयांश दगड, ते जेमतेम बुडतील इतके पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची भरड पूड. मोह्‌सच्या १८१२ च्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर गार ७ वर बसते, सिलिकॉन कार्बाइड ९ च्या वर. म्हणून घासले जाते ते गारेलाच. भरड, मध्यम, बारीक आणि शेवटी सेरियम ऑक्साइडची झिलई, प्रत्येकाला साधारण आठवडा, रात्रंदिवस. खालच्या मजल्यावरचे लोक पहिल्या आठवड्यात चौकशी करतात, दुसऱ्यात सेक्रेटरीकडे जातात आणि चौथ्यात घरघर थांबली की त्यांना झोप येईनाशी होते.

दोन टप्प्यांच्या मधली धुलाई मात्र काका कुणावर सोपवत नाहीत. भरड पुडीचा एक कण मागे राहिला तर झिलईच्या आठवड्यात तो सगळ्या दगडांवर ओरखडे काढतो. सुनेने विसळलेला चहाचा कपही इतका उजेडात धरून पाहिला जात नाही. निघालेला राखाडी गाळ मोरीत ओतला तर पाइपात सिमेंटसारखा बसतो. हे ज्ञान प्लंबर येऊन गेल्यावरचे असते. नंतर गाळ बादलीतच खाली बसतो.

या छंदातली खरी मौज वेगळीच आहे. सहा सपाट बाजू आणि वर टोक असलेला अखंड स्फटिक निसर्गाने पुरा करूनच ठेवलेला असतो. पिंपात त्याच्या कडा झिजतात, टोक बोथट होते आणि महिन्याभराने जो गुळगुळीत गोटा निघतो, तसे नदीपात्रात फुकट मिळतात. जाणकार म्हणूनच स्फटिक नुसते धुतात. पिंपात जातात ते फुटके तुकडे आणि अकीक. काकांनाही हे ठाऊक असते. पण मोटर विकत घेतलेली असते.

तयार माल तुळशीच्या कुंडीत मावेनासा झाला की संक्रांतीच्या वाणात शिरतो. घेणारीने “हे कशासाठी?” असे विचारू नये. काका पिंप दाखवायला घेऊन जातात.