सेल्फ घेत नाही

सोसायटीचा जनरेटर दोन प्रसंगी हमखास सुरू होतो: बिल्डर ताबा देतो तेव्हा आणि एएमसीवाला समोर उभा असतो तेव्हा. एरवी लाइट गेले की तो नुसता 'टक्' म्हणतो.

या 'टक्'चा अर्थ लावायला पार्किंगमध्ये परिसंवाद भरतो. निवृत्त अभियंते डिझेलच्या लाइनीने हवा धरल्याचं जाहीर करतात. खजिनदारांना डिझेलचोरीचा वास येतो. ते टाकीत काठी बुडवतात, काठी ओली निघते. मग त्यांना डिझेलमध्ये पाणी मिसळल्याचा वास येतो. सी विंगच्या मते मुळात केव्हीएच चुकला होता आणि तसं त्यांनी सभेत नोंदवलंही होतं. लिफ्टमध्ये अडकलेल्या काकूंचं मत मात्र घेतलं जात नाही.

हवा धरली असती तर इंजिन गरागरा फिरलं असतं, पेटलं नसतं. इथे ते फिरतच नाही; म्हणजे बॅटरी. भरलेली बारा व्होल्टची बॅटरी मीटरवर साधारण 12.6 दाखवते. सेल्फ मारताना ती 10च्या बरीच खाली बसली, तर तिच्यात राम उरलेला नाही. तिला निकालात काढण्याआधी टर्मिनलवरची बुरशी खरवडून, नट आवळून पाहावं. आणि 'टक्'सुद्धा आलं नाही तर लाल इमर्जन्सी बटण कुणी दाबून ठेवलंय का, पॅनलचा स्विच 'ऑटो'वर आहे का, एवढं बघावं. हे दोन मिनिटांत होतं. त्यात भाषणाला वाव नसल्यामुळे ते सर्वांत शेवटी होतं.

बॅटरी उतरली कशी, ही खरी मौज. इंजिन चालू असेल तेव्हाच त्याचा अल्टरनेटर बॅटरी भरतो. उभ्या जनरेटरला आधार एका छोट्या चार्जरचा, आणि तो चालतो लाइटवर. आमच्याकडे त्याची पिन गणपतीच्या रोषणाईसाठी काढली होती. बाप्पा गावाला गेले, पिन लोंबकळत राहिली.

आठवड्यातून एकदा लोड देऊन जनरेटर चालवला असता तर हे विसर्जनानंतरच्या रविवारीच कळलं असतं. पूर्वी चालवतही असत. पण ए विंगची झोपमोड झाली. कॅनॉपीपासून एक मीटरवर 75 डेसिबल ही सरकारी मर्यादा पाळलेली आहे, असा कागद सेक्रेटरींनी दाखवला. आम्ही काही एका मीटरवर झोपत नाही, असं ए विंगने कळवलं. हा मुद्दा वास्तविक जनरेटरच्या बाजूचा होता, पण तो इतक्या जोरात मांडला गेला, की चाचणी बंद झाली.

मग विशेष सभा. नव्या जनरेटरची कोटेशनं मागवायचं ठरलं; नव्या बॅटरीचं कोटेशन एकच आल्याने नियमानुसार ते विचारात घेता आलं नाही. शेवटी चाचणीचा विषय निघाला. दर रविवारी सकाळी जनरेटरची चाचणी घ्यावी, मात्र ती घेताना जनरेटर सुरू करू नये, असा ठराव एकमताने मंजूर झाला.