चँगचं लिव्हर आणि आमचा काढा

आमच्या घराण्यात आधी कुणी पीएच.डी. झालेलं नाही. त्यामुळे 'आमची लेक लिव्हरवर काम करते' हे वाक्य आईनं आमच्या गावात मळमड्डीपासून लाइन बाजारपर्यंत पोचवलं. काम म्हणजे बेलाच्या पानांचा अर्क माणसाच्या निरोगी यकृतपेशींवर टाकायचा आणि त्या मेल्या नाहीत की आपण हरखायचं.

पेशी मिळवायचा राजमार्ग पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून जातो. आमचा मार्ग ओळखीपाळखीचा. मैत्रिणीच्या लॅबमधला, गळ्यापर्यंत मीडियम भरलेला फ्लास्क पुणे-हुबळी बसमध्ये रात्रभर पोटाशी धरून आणला. तो लालसर रंग पाहून शेजारच्या आजी म्हणाल्या, ''कोकम का ग? घोटभर दे की.''

फ्लास्कवर पेशींचं नाव लिहिलं होतं 'चँग लिव्हर'. निरोगी यकृताच्या पेशी बाटलीत चार दिवसांत मान टाकतात, असं पुस्तकात होतं. माझ्या मात्र तणासारख्या माजल्या. हा माझ्या हाताचा गुण, असं मी ज्युनिअर पोरांना सांगत असे. बेलाच्या अर्कानंही त्या मेल्या नाहीत, तेव्हा गणेशोत्सवात त्यावर व्याख्यानही ठोकलं. दुसऱ्या दिवसापासून शेजारचे निवृत्त मास्तर बेलाचा काढा घेऊ लागले.

मग शोधनिबंध तपासणाऱ्यानं पेशींची ओळख पटवणारी एसटीआर चाचणी मागितली. अहवाल आला: हेला. म्हणजे बाल्टिमोरची हेन्रिएटा लॅक्स. 1951 साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता, या पेशी घेतल्या. ती त्याच वर्षी गेली. पेशी मात्र रोज जवळजवळ दुप्पट होत राहिल्या. सामायिक पिपेटमधून त्यांचा एखादा थेंब दुसऱ्या पेशींच्या बाटलीत उडाला तरी पुरे, मूळ बिऱ्हाडाचं नामोनिशाण उरत नाही. स्टॅन्ली गार्टलर यांनी 1966 मध्येच भर परिषदेत सांगितलं होतं की, निरनिराळ्या म्हणून मिरवणाऱ्या 18 पेशीवाणांत हेलाच शिरलेली दिसते. खूण होती आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणारं एका विकराचं रूप. त्यातले कित्येक वाण तर गोऱ्यांचे म्हणून नोंदलेले! चँगच्या लिव्हरचं बिंगही माझ्या जन्माआधीच फुटलेलं. सुईणीला ठाऊक, गल्लीला ठाऊक, बाळंतिणीला तेवढा पत्ता नाही.

आता मास्तरांना सांगणं भाग होतं. ते लिव्हर नव्हतं, कॅन्सरच्या पेशी होत्या, त्याही एका अमेरिकन बाईच्या, हे सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

''पण तिला सोसला ना काढा?''

''हो, पण काका...''

''मग मला का नाही सोसणार?'' असं म्हणून त्यांनी बेलाची पानं आणायला पिशवी माझ्या हातात दिली.