रजेचा अर्ज कसा अडवावा : नवख्या साहेबांसाठी

नवीन खुर्ची, नवीन शिक्का, आणि तो कुठे मारू नये हे अजून कळत नाही? होतं असं सुरुवातीला. माजलगावचं एक प्रकरण गिरवा, हात बसेल.

१. अर्जातली मागणी वाचू नका, कारण वाचा. सप्टेंबर २०१७ मध्ये माजलगावच्या एका पोलीस शिपायाने महिनाभराची रजा मागितली. भरती २०१० ची, महिला शिपाई म्हणून, नाव ललिता साळवे. कारण, लिंगबदल शस्त्रक्रिया. रजा देऊन मोकळं व्हावंसं वाटेल. आवरा.

२. टेप काढा. पोलीस भरतीत बाईची उंची १५५ सेंटिमीटर लागते, पुरुषाची १६५. निकष वेगळे, म्हणून रजा नाही. ऑपरेशनने कुणाची उंची वाढत नाही, त्यामुळे मुद्दा बिनतोड. सात वर्षं उन्हातान्हात बंदोबस्त केलेल्या माणसाला कागदावर पुन्हा ग्राउंडवर उभं करा. चोर पळताना भरतीचे निकष पाहतो का, असं कुणी विचारलंच तर 'विषय वेगळा आहे' म्हणा आणि चहा मागवा.

३. चहाबरोबर चर्चा हवीच. आता 'मॅडम' म्हणायचं की 'सर'? कपडे कुठल्या खोलीत बदलायचे? महिला आरोपीला आणायला कुणाला धाडायचं? सगळ्या टेबलांचं मत घ्या, शेजारच्या खात्याचंही घ्या. अर्जदाराला तेवढं विचारू नका. त्याला उत्तर माहीत असतं, मग फाईल फुगायची कशी?

४. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्येच, नालसा खटल्यात, आपलं लिंग आपण ठरवायचा हक्क मान्य केलाय म्हणे. आवक रजिस्टर पाहा. नोंद नाही? मग निकालही नाही.

५. अर्जदार हायकोर्टात गेला तर खचू नका. इथे मुंबई उच्च न्यायालयाने नोकरीचा प्रश्न म्हणून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मॅटकडे, जायला सांगितलं. बघा, तारखा आपोआप पडतात.

एवढं करूनही दगा होतो. मे २०१८ मध्ये सरकारने परवानगी दिली, २५ मे रोजी मुंबईच्या सेंट जॉर्जेसमध्ये पहिली शस्त्रक्रिया झाली आणि ललिताचे ललित झालेले साळवे माजलगावात ड्यूटीवर हजर झाले. तरी महिन्याची रजा आठ महिने लांबली, हे काही कमी नाही.

२०२० मध्ये त्यांचं लग्न झालं, जानेवारी २०२४ मध्ये मुलगा. म्हणजे आता जावळाला, बारशाला, शाळेच्या दाखल्याला रजेचे अर्ज येत राहणार. टेप हाताशी असू द्या.