गोळ्याचा सातबारा

तोफगोळा परदेशात विकायचा तर गिऱ्हाइकाकडून एक कागद घ्यावा लागतो. माल आम्हीच वापरू, तुम्हाला विचारल्याशिवाय दुसऱ्याला देणार नाही, असं तो देश लिहून देतो. खाली सही, बाजूला शिक्का. लढाई पेटलेल्या मुलखात आपला दारूगोळा जाऊ नये म्हणून सरकारने घातलेल्या निर्बंधांचा हा कणा. कागदाचा आहे, पण शिक्का चांगला गोल असतो.

आमच्या झाडीपट्टीतल्या बिरसी गावच्या शेतकऱ्याला सरकारी केंद्रावर धान विकायचा असला की सहीवर भागत नाही. सातबारा लागतो, आधार लागतं, पासबुक लागतं. स्वतः केंद्रावर उभं राहून तोंडाचा फोटो द्यावा लागतो. त्याच्या आधी ई-पीक पाहणी, 2021 पासूनची. बांधीच्या चिखलात उतरायचं, मोबाइल धरायचा, उभ्या धानाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर अक्षांश-रेखांश जातात. शेजारच्या बांधीतला चालत नाही, गेल्या सालचा चालत नाही. धान खरंच तिथे आहे का, एवढीच सरकारला शंका. रास्त आहे. चार क्विंटल धान भलत्याच्या हाती लागला तर जगाची शांतता धोक्यात येईल.

मग गोळ्यालाच सूट का? माझी मागणी साधी आहे: ई-गोळा पाहणी सुरू करा. गोळा जिथे पडला त्या गटाच्या हद्दीत उभं राहून खरेदीदार देशाच्या माणसाने फोटो काढावा, खड्डा आणि माणूस एकाच चौकटीत. नवं ॲप बनवायचीही गरज नाही, आपलंच चालेल. हंगाम निवडा: खरीप की रब्बी. पिकाचं नाव: 155 मिलिमीटर. लागवडीची तारीख. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. मिश्र पीक असेल, म्हणजे दोन-तीन देशांचे गोळे एकाच वावरात पडले असतील, तर प्रत्येकाचं क्षेत्र वेगळं दाखवा. पोटखराब्याचा रकाना आहेच. तिथे कालपर्यंत शाळा होती ती लिहा. सर्व्हर बंद पडेल, मग लढाईला पंधरा दिवसांची मुदतवाढ द्यावी. टॉवर मिळत नसेल तर गोळा जरा उंच टेकडीवर टाकावा, आम्ही नाही का फोटोसाठी पाळीवर चढत? दहा टक्के नोंदी तलाठ्याने जागेवर जाऊन तपासायच्या असतात, त्याही तपासाव्यात. आपल्याच एखाद्या साजाचा तलाठी पाठवा. त्याच्याकडे अतिरिक्त भार असतोच, त्यात एक युक्रेन.

हसण्यावारी नेऊ नका. सप्टेंबर 2024 मध्ये बातमी आली की भारतात बनलेले तोफगोळे युरोपातल्या गिऱ्हाइकांच्या हातून युक्रेनला पोचले. सरकारने ती चुकीची आणि खोडसाळ ठरवली. असेलही. पण बिरसीच्या माणसाला ‘माझा धान माझ्याच बांधीतला आहे, उगाच खोडसाळपणा करू नका’ असं म्हणून सुटता येतं का? फोटो दाखव, म्हणतात. दाखवला तर अंधुक आहे म्हणतात.

आपणच असे आहोत असंही नाही. बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी 1940 मध्ये महायुद्धासाठी बांधली. त्याच इंग्रजांच्या देशाने 2 सप्टेंबर 2024 रोजी इस्रायलला जाणाऱ्या हत्यारांचे परवाने तत्त्वासाठी थांबवले. सुमारे साडेतीनशेपैकी तीस. लढाऊ विमानाचे सुटे भाग त्यातूनही बहुतेक वगळले. तत्त्वाचा हा भाव साडेआठ टक्के पडतो, आणि तेवढ्यावर त्यांनी निवेदनही केलं.

पण माझं डोकं फिरतं ते तांदळावरून. 20 जुलै 2023 रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली. एका रात्रीत. कोणाला लिहून द्यायची संधी नाही, ‘आम्हीच खाऊ, दुसऱ्याला देणार नाही’ असा कागद चालला नाही. भुकेल्या देशाला तांदूळ हवाच असेल तर त्याच्या सरकारने विनंती करायची आणि आपल्या सरकारने परवानगी द्यायची. म्हणजे माल नेमका कुठे जातो हे बघायची अक्कल या देशात आहे, ती फक्त ताटात पडणाऱ्या मालाला लावतात! त्याच 2023-24 या वर्षात संरक्षण सामग्रीची निर्यात 21,083 कोटी रुपयांवर गेली आणि आपण पेढे वाटले. तांदळावरची बंदी उठली 28 सप्टेंबर 2024 ला, गोळ्यांची ती खोडसाळ बातमी आल्यानंतर नऊ दिवसांनी. चौदा महिने जगाला आपल्याकडून तोफ मिळत होती, साधा पांढरा तांदूळ विनंतीशिवाय मिळत नव्हता. महागाई रोखायची होती, मान्य. मग शहरातल्या ताटाची महागाई दर वेळी खळ्यातूनच का वसूल करता? गिरणीवाला भाव पाडतो तेव्हा कुठलं निवेदन निघतं?

‘काहून गा, आमच्या धानानं कोणाचं घर पाडलं?’ असं झाडीपट्टीतला कोणीही विचारेल. खिडकीपलीकडून उत्तर येईल, फोटो पुन्हा काढून आणा.

2025-26 च्या हंगामासाठी धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये ठरला. तो मिळायला आधी पोत्यात धान भरावा लागतो, आणि पोतं मिळायला बारदाना यावा लागतो. बारदान्याबद्दल पुढच्या मंगळवारी लिहीन, तोवर उघड्यावरचा धान भिजला नाही तर.