आबा पान खात होते

"काय ओ वैनी, आलात म्हणायचं शेवटी! आम्हाला वाटलं, आता ग्रीन कार्ड घेऊनच येताय."

भिंतीपलीकडून माईंचं स्वागत हे असं. हातात सूप, सुपात सांडगी मिरच्या आणि डोक्यावर एप्रिलचं ऊन. माझ्या बॅगा अजून हॉलमध्ये पसरलेल्या, डोळ्यांवर भर दुपारी अमेरिकेतली रात्र. पण आमच्या विश्रामबागेत माईंकडे हजेरी लावल्याशिवाय माणूस सांगलीत परत आला असं धरत नाहीत.

"ग्रीन कार्ड कसलं, माई. सहा महिने राहायला देतात, ते मार्चात संपत होते. मुदतवाढीचा अर्ज केला म्हणून एप्रिल निघाला."

"पण व्हिसा दहा वर्षांचा ना? साहेबांनी पेढे दिले होते की."

"व्हिसा दहा वर्षांचा म्हणजे दहा वर्षं दार वाजवायची मुभा. आत किती दिवस बसायचं ते दारावरचा माणूस ठरवतो. ती तारीख आय-94 नावाच्या नोंदीत असते. ती उलटायच्या आत अर्ज करायचा, चारशे डॉलरच्या वर फी भरायची आणि वाट बघायची. उत्तर यायच्या आत कितीतरी माणसं घरी परतलेली असतात."

"म्हणजे बेकायदा नव्हता राहिलात?"

"कोण म्हणालं बेकायदा?"

माई सुपातल्या मिरच्या उगाचच खालीवर करायला लागल्या. "मी नाही हो. कोपऱ्यावरच्या बँकवाल्या बाई. साहेब डिसेंबरात एकटेच आले ना, तेव्हा त्यांनी आधी काढलं की तुमचं दोघांचं तिकडं बिनसलंय. मग गिरणीत दुसरंच ऐकलं, लेकीनं तुम्हाला फुकटची आया म्हणून ठेवून घेतलंय. आणि भिशीत तर ठरलंच, की थोरल्या दिराला लकवा मारलाय आणि ही बया न्यू जर्सीत बर्फात फोटो काढतेय."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी कशाला काय म्हणतेय! मी आपलं ऐकून घेतलं."

बर्फातला फोटो खरा होता. लेकीनं खिडकीतून काढून स्टेटसला टाकला. त्यात माझ्या हातात बर्फ ओढायचं फावडं होतं, जावई कामावर होते आणि गाडीपर्यंत वाट करायची होती. भिशीतल्या कुणाला ते फावडं दिसलं नाही. कोट तेवढा दिसला.

"बरं ते जाऊ दे," माई म्हणाल्या. "बाळंतपण थाटात झालं असेल तिकडं?"

"सिझेरियन झालं. चार दिवसांत घरी. तिथल्या कायद्यात विमा कंपनीवर बंधन आहे, साधं बाळंतपण असलं तर 48 तास आणि सिझेरियन असलं तर 96 तास. त्यापुढं ज्याचं त्यानं बघायचं. आणि गाडीत बाळाची वेगळी खुर्ची बसवल्याशिवाय तान्ह्याला घरी सोडत नाहीत. आधी खुर्ची, मग बाळ."

"अगं बाई! आणि सव्वा महिना?"

"कसला सव्वा महिना. सगळी मिळून बारा आठवडे रजा. कायद्यानं नोकरी शाबूत राहते, पगाराचं नाव नाही. न्यू जर्सी राज्य आपल्या विम्यातून थोडे पैसे देतं म्हणून पोरीचं निभलं. आपल्याकडे 2017 पासून 26 आठवडे भरपगारी आहेत, ते ऐकून तिची तिथली मैत्रीण मला दोनदा विचारून गेली, खरंच का म्हणून."

"डिंकाचे लाडू तरी?"

"ते सगळं मिळतं. एडिसनला ओक ट्री रोड म्हणून रस्ता आहे, तिथं अळीव, बाळंतशेपा, डिंक, काय हवं ते. अडलं फक्त धुरीपाशी. ओव्याची धुरी द्यायला गेले आणि छतावरचा भोंगा असा बोंबलला की बाळ, बाळंतीण आणि मी, तिघी एकदम रडायला लागलो. पुढं फोडणीसुद्धा खिडकी उघडून."

माई पोट धरून हसल्या. मग सूप भिंतीवर टेकवलं आणि आवाज खाली आणला. म्हणजे मूळ विषय आला.

"आबांचं कळलं तेव्हा काय वाटलं हो तुम्हाला?"

"आधी तुम्ही सांगा. तुम्हाला कधी कळलं?"

"मला? त्याच दिवशी. तुळशीच्या लग्नाचा सुमार. आक्कांनी पहाटे चहा दिला तर आबांच्या हातातनं कप निसटला. तोंड वाकडं, बोलणं बोबडं. आमच्या ह्यांनीच गाडीत घालून मिरजेला नेलं. तिथं डॉक्टरनी पहिला प्रश्न केला, रात्री शेवटचं धड बोलताना कधी बघितलं होतं? आक्का म्हणाल्या, दहा वाजता. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन म्हणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि झोपेत झटका आला की घड्याळ झोपल्यापासून धरतात. मग कुठलं आलंय इंजेक्शन. उजवी बाजू गेली आणि वाचाही."

"आणि आम्हाला कुणी काही सांगितलं नाही."

"शपथ घातली होती हो आक्कांनी! लेकीला नववा महिना, म्हणाल्या, कुणी तोंडातनं अक्षर काढायचं नाही. तुमचा फोन आला की माझ्या पोटात गोळा यायचा. तुम्ही विचारणार, माई, मोगऱ्याला पाणी घालता ना? आणि मी सांगणार, घालते की, मस्त फुललाय. नोव्हेंबरात मोगरा!"

मोगऱ्याचं तेव्हाच खटकायला हवं होतं. पण आक्कांची युक्ती माईंच्या वरताण. व्हिडिओ कॉल लावला की त्या फोन अशा धरायच्या की आबांचा डावा गाल दिसावा. डावा डोळा, डावी मिशी, खांद्यावर शाल. हे विचारायचे, "दादा बोलत का नाही?" आक्का म्हणायच्या, "पान खातायत. तोंड भरलंय." आबांना पानाची सवय जुनीच, कुणाला काय शंका येणार. रोज आपलं पान. हे एकदा म्हणाले पण, दादाचं पान फार वाढलंय, परत गेलो की बोलतो.

"मग फुटलं कसं?" माईंना हा भाग ठाऊक नव्हता. साहेबांनी चार महिन्यांत सांगितला नव्हता म्हणजे कमालच.

"बँकेनं फोडलं. गावाकडच्या शेताचं दोघा भावांचं जॉइंट खातं आहे. सांगलीत सकाळचे साडेदहा म्हणजे हिवाळ्यात आमच्याकडे रात्रीचे बारा. ह्यांचा इथला नंबर चालू होता. लागोपाठ मेसेज, एटीएममधून पैसे काढले, परत काढले, परत काढले. आता तुम्हीच सांगा, आबा आणि एटीएम?"

"जन्मात गेले नाहीत! पासबुक घेऊन रांगेत उभे राहणार."

"तेच. ह्यांना वाटलं, कुणीतरी गंडवलं. कार्ड बंद करायला निघाले होते. आधी दादाला विचारू म्हणून फोन लावला तर पुतण्यानं उचलला. हे म्हणाले, कामाच्या दिवशी तू पुण्याहून तिथं कसा? तिथं त्याचा बांध फुटला."

माईंनी चुकचुकून घेतलं. मग लगेच बाजू बदलली, तो त्यांचा हक्कच. "पण वैनी, एक सांगू? आक्कांचं चुकलं असं मला नाही वाटत. पोटुशी पोर, पहिलंच बाळंतपण. तुम्हाला सांगून काय तुम्ही उडत येणार होतात?"

"उडत या असं कोण म्हणतंय, माई? पण नुसतं ठाऊक असण्यानं काय काय होतं ते ऐका. दोन्ही घरांची कागदपत्रं हेच बघतात. आबांचा मेडिक्लेम हेच भरतात. फाइल आमच्या कपाटात."

"घराची किल्ली तर माझ्याकडे होती."

"घराची. कपाटाची ह्यांच्या पाकिटात, न्यू जर्सीत. पुतण्याला एवढंच माहीत की काका काहीतरी भरतात. कंपनी कुठली, नंबर काय, काही नाही. आणि कार्डाचा फोटो ह्यांच्या मोबाइलमध्ये पडून होता! पहिल्या दिवशी एक फोन आला असता तर तो फोटो हॉस्पिटलच्या काउंटरवर पोचला असता, कॅशलेस झालं असतं. तातडीनं भरती केलं तर 24 तासांत कळवा म्हणतात. त्याऐवजी पोरगं एटीएमच्या रांगेत. पुढं सगळी मूळ बिलं गोळा करा, उशिरा का कळवलं याचा खुलासा द्या, तेव्हा फेब्रुवारीत पैसे आले. तेही कापून."

माई गप्प. हे फारसं घडत नाही.

"आणि काळजी तरी वाचली का?" मी पुढं रेटलं. "कळलं तेव्हा लेकीचे दिवस भरलेलेच होते. झटक्याची काळजी होतीच, वर ह्यांना एकच लागून राहिलं, आणखी काय लपवलंय? आक्का म्हणाल्या, आता बरे आहेत, तर विश्वास बसेना. आईवडिलांना काही सांगितलं नाही म्हणून पोर मात्र उलट माझ्यावरच चिडली, तुम्हा लोकांचं हे नेहमीचंच म्हणे."

"मग साहेब निघाले."

"तिकीट बदललं आणि निघाले. न्यूअर्कहून मुंबई थेट, पंधरा तास, वर रात्रीची बस. मी तिथंच राहायचं हे दोघांनी मिळून ठरवलं. दोन पेशंट, आम्ही दोघं. बिनसायला वेळ कुणाला होता?"

"बँकवाल्या बाईंना सांगते मी."

"सांगाच. आणि भिशीतही सांगा, इथले सकाळचे सात म्हणजे तिथले रात्रीचे साडेआठ. बाळ झोपलेलं. आक्का फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून आबांसमोर ठेवायच्या आणि आंघोळीला जायच्या. हे त्या वेळी दूध, औषधं आणायला बाहेर. तेवढा वेळ राखण माझी. आबांना वाटायचं आपण चालू शकतो. पलंगाखाली पाय टाकला की मी तिथून ओरडायचे, आबा, बसा! मागून लेक म्हणायची, आई, हळू, बाळ उठेल. मार्चात त्यांनी घड्याळं पुढं केली तर माझी ड्यूटी साडेनऊला गेली, मग तर झोपेचं खोबरंच."

"हे आक्का बोलल्या नाहीत कधी."

"तुम्ही विचारलं नसेल. आया ठेवायला ब्युरोचा नंबर जावयांनी तिथून शोधला, पैसे दरमहा तेच पाठवतात. मार्चात लेक कामावर गेली, पाळणाघरात जागा एप्रिलमध्ये मिळणार होती, म्हणून माझी मुदतवाढ. बाळाला तिथं सोडलं आणि विमानात बसले."

माईंना आता काहीतरी परत देणं भाग होतं. "तुम्हाला हयातीच्या दाखल्याचं कळलं का? नोव्हेंबर संपत आलेला, आबांचं पेन्शन अडकायचं. पोस्टमनला घरी बोलावलं. त्यानं मोबाइल समोर धरला तर तोंड वाकडं झालेलं, मोबाइल काही ओळखेना. पोस्टमन म्हणतो, आजोबा, सरळ बघा. आबांनी अशी शिवी हासडली, एकदम खणखणीत! आक्का रडायच्या थांबल्या, म्हणाल्या, अहो, बोलले! शेवटी दाखला अंगठ्यावर झाला."

शिव्यांचं कोडं नंतर वाचा शिकवायला येणाऱ्या मुलीनं उलगडलं. ठरवून बोलायचे शब्द जातात, पण तोंडात बसलेलं बऱ्याचदा टिकतं: शिव्या, आकडे, पाठ केलेली स्तोत्रं. काल मी भेटायला गेले तर आबांना माझं नाव घेता येईना, आणि रामरक्षा मात्र न अडखळता. मधेच पाणी सांडलं तेव्हा शिवीसुद्धा.

"वैनी," माई जरा वेळानं म्हणाल्या, "आमचा धाकटा मेलबर्नला बोलावतोय. जूनमध्ये या म्हणतो. पण सासूबाई नव्वदीच्या, नणंदेकडे ठेवायच्या म्हटलं तरी जीव थाऱ्यावर राहायचा नाही. जाऊ का नको?"

"जा की. फक्त विमानात बसायच्या आधी वन्संना स्वच्छ सांगा, आजींना शिंक आली तरी पहिला फोन तुम्हाला. पॉलिसीचा, आधारचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये. औषधांची चिठ्ठी फ्रिजवर. आणि कपाटाची किल्ली इथं कुणाकडे तरी ठेवा."

"कुणाकडे?"

"माझ्याकडे द्या."

माईंनी सूप उचलून कमरेला लावलं. "तुमच्याकडे? म्हणजे माझ्या पैठण्या किती आणि शालू किती, ते भिशीला दोन दिवसांत पाठ! किल्ली नाही मिळायची वैनी. फाइल तेवढी आणून देते."